दोनदा गायलेली ओळ : नाझिया हसनच्या पहिल्या रेकॉर्डिंगविषयी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला कळेल. मुलगी १५ वर्षांची आहे, सहा वर्षं गाणं शिकते आहे. आवाज पातळ, थोडा नाकातला, त्यात हवा जास्त, म्हणून तिच्या गुरुजींचं म्हणणं, 'अजून पिकू द्या, रेकॉर्डिंगची घाई नको.' घरात कुणीतरी 'आप जैसा कोई' लावलं आणि सांगितलं की पाकिस्तानी गायिका नाझिया हसननं हे गाणं याच वयात, काही न शिकता म्हटलं आणि रातोरात स्टार झाली. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर आपण कशासाठी थांबायचं, असं तुम्ही विचारलं आहे.

अर्धं खरं आहे. पण उरलेलं अर्धं तुमच्या मुलीच्या जास्त कामाचं आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मी १९८० साली ताडदेवच्या बाजूला एका स्टुडिओत लागलो. हुद्दा म्हणाल तर रेकॉर्डिस्टच्या सहायकाचा सहायक. केबली गुंडाळायच्या, माईकचे स्टँड हलवायचे, वादकांचा चहा मोजायचा. त्याच वर्षी जूनमध्ये 'आप जैसा कोई' असलेला 'कुर्बानी' चित्रपट लागला आणि आमच्या खोलीत पहिल्यांदा ती तबकडी वाजली तेव्हा आमचे साहेब गाणं संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा आवाज आपल्याकडे रेकॉर्ड झाला नसता." मी तेव्हा विशीचा होतो. मला वाटलं, ते मुलीला नावं ठेवतायत. ते आमच्या खोलीबद्दल बोलत होते, हे कळायला पुढची पाच-सात वर्षं गेली.

आधी 'काही न शिकता' याचा निकाल लावू. नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५चा, कराचीतला. बालपण काही कराचीत, काही लंडनमध्ये. कराचीत पीटीव्हीवर, म्हणजे पाकिस्तानच्या सरकारी टीव्हीवर, संगीतकार सोहेल राणा मुलांचे कार्यक्रम करायचे, त्यातल्या 'कलियों की माला'मध्ये ती लहानपणी गायची. म्हणजे कॅमेरा काय, माईक काय, दिवे लागल्यावर सुरात कसं राहायचं, हे तिला लहानपणीच ठाऊक झालं होतं. राग, पलटे, तानांची तालीम या अर्थानं ती शिकली नव्हती, हे बरोबर. पण संगीतकारानं दिलेली चाल ऐकून, तशीच्या तशी, बरोबरच्या मुलांसोबत एकसुरात म्हणायची सवय हेसुद्धा शिक्षणच आहे. आणि स्टुडिओत पुढे नेमकी हीच सवय उपयोगी पडते. कशी, ते खाली येईल.

'कुर्बानी'चे निर्माते-दिग्दर्शक फिरोज खान आणि तिची गाठ लंडनमध्ये एका पार्टीत पडली. 'कुर्बानी'चं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. तरी फिरोज खानना एक गाणं अगदी वेगळ्या धाटणीचं हवं होतं आणि ते त्यांनी बिद्दूंकडून करून घेतलं. बिद्दू अप्पय्या मूळचे बंगळुरूचे. फिरोज खानही जन्मानं बंगळुरूचेच. बिद्दू साठीच्या दशकात इंग्लंडला गेले, तिथंच रुळले, आणि १९७४ साली त्यांनी कार्ल डग्लसकडून गाऊन घेतलेलं 'कुंग फू फायटिंग' इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गाणं मुळात तबकडीच्या मागच्या बाजूसाठी, उरलेल्या वेळात उरकलेलं होतं, ही आमच्या धंद्यातली आवडती गोष्ट. १९७६ साली टीना चार्ल्सचं 'आय लव्ह टू लव्ह'सुद्धा इंग्लंडात पहिलं आलं, तेही बिद्दूंचंच. म्हणजे नाझियासमोर बसलेला माणूस सिनेमाचा संगीतकार नव्हता. तीन-साडेतीन मिनिटांत एखादा आवाज लोकांच्या कानाला कसा चिकटवायचा, याचा तो कारागीर होता. हा फरक मोठा आहे.

आता आमच्या साहेबांच्या त्या वाक्याकडे येतो.

मुंबईत त्या काळी सिनेमाचं गाणं कसं व्हायचं? मोठा हॉल, त्यात पन्नास-साठ वादक, कधी त्याहून जास्त. व्हायोलिनचा ताफा, ढोलक-तबला, ब्रास, अकॉर्डियन. नोटेशन लिहून देणारे अरेंजर. त्यांत गोव्याच्या मंडळींनी किती काम केलं, ते सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं ठाऊक असलेल्यांना सांगायला नको. गायिका काचेच्या बूथमध्ये. सगळे एकदम वाजवणार, एकदम गाणार. कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मल्टिट्रॅकची, म्हणजे एकेक आवाज टेपवर वेगवेगळा घेणारी, यंत्रं मुंबईत यायला लागली होती, काळा घोड्याच्या वेस्टर्न आउटडोअरसारख्या स्टुडिओत वेगळं कामही सुरू झालं होतं, पण बहुतेक गाणी अजून अशीच एकत्र व्हायची. या पद्धतीत एक वेगळीच जादू होती, ती मी बघितली आहे आणि तिला नावं ठेवणार नाही. पण तिची एक अट होती. साठ वाद्यांच्या गर्दीतून आवाज स्वतःच्या जोरावर पुढं यायला हवा. धारदार, टोकदार, वरच्या पट्टीत नीट लागणारा.

आपल्याकडच्या गायिका लहानपणापासून कशा घडल्या, ते बघा. लताबाई १९४२ साली 'किती हसाल'साठी गायल्या तेव्हा १३ वर्षांच्या होत्या. ते गाणं पुढे चित्रपटातून गाळलं गेलं. आशाताई १९४३ साली 'माझं बाळ'मध्ये दत्ता डावजेकरांकडे गायल्या तेव्हा दहा वर्षांच्या. त्या काळात माईक एक, फार तर दोन. त्या माईकला आवाज 'पोचवायचा' असे. घोटीव सूर आणि स्वच्छ उच्चार हे सौंदर्य तर होतंच, पण ती यंत्रांची गरजसुद्धा होती. आपण फक्त सौंदर्याचं बोलतो, यंत्रांचं विसरतो.

आता १५ वर्षांच्या मुलीचा गळा. किशोरवयात मुलींचाही आवाज बदलतो. मुलांसारखा फुटत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. स्वरतंतू वाढत असतात, गाताना मागच्या बाजूला नीट मिटत नाहीत, बारीक फट राहते आणि तिच्यातून हवा निसटते. आवाजात जी 'हवा' तुमच्या गुरुजींना खटकते आहे, ती बहुधा हीच. हा आजार नाही, वय आहे. अशा आवाजाला जोर कमी असतो आणि धारही कमी असते. हॉलमध्ये साठ वादकांसमोर तो उभा केला की व्हायोलिनं त्याला गिळून टाकतात. रेकॉर्डिस्ट त्याचा माईक वाढवायला जातो, तर माईकमधून वादकांचाच आवाज जास्त येतो. मग मुलीला सांगितलं जातं, 'बेटा, जोरसे.' ती जोर लावते, गळा आवळतो, आणि जे गोड होतं ते जातं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. त्यातल्या काही मुली पुन्हा स्टुडिओची पायरी चढल्या नाहीत.

लंडनमध्ये हिशेबच उलटा होता. तिथल्या स्टुडिओंत तेव्हा दोन इंच रुंद टेपवर चोवीस ट्रॅक ही नेहमीची गोष्ट झाली होती. आधी ड्रम आणि बेस. मग गिटार, की-बोर्ड. मग बाकीचं. आणि सगळ्यात शेवटी गायिका. रिकाम्या शांत खोलीत ती एकटी, कानावर हेडफोन, तोंडासमोर वीतभर अंतरावर माईक. कुणाशी स्पर्धा नाही. ती कुजबुजली तरी टेपवर येतं. त्यावर कॉम्प्रेसर लावला की मोठा सूर दबतो, बारीक सूर वर येतो, आणि श्वाससुद्धा गाण्याचा भाग होतो. जी हवा आमच्या हॉलमध्ये दोष ठरली असती, ती इथं कानाजवळ बोलल्यासारखी वाटते. डिस्कोचा ठोका जाड आणि सरळ, प्रत्येक मात्रेला बास ड्रम. त्यावर असा हलका, थोडा कंटाळल्यासारखा, अजिबात न लाडावलेला आवाज ठेवला की दोघांची जागा वेगळी राहते. ठोका खाली जमिनीवर, आवाज वर तरंगता.

आणि आता ती दोनदा गायलेली ओळ. हेडफोन लावून 'आप जैसा कोई' नीट ऐका. नाझियाचा आवाज एकेरी नाही. तीच ओळ तिनं पुन्हा गाऊन पहिल्या ओळीवर बसवली आहे. याला आम्ही डबल ट्रॅक म्हणतो. दोन्ही वेळच्या गाण्यात केसाएवढा फरक राहतो, सुरात थोडा, वेळेत थोडा, आणि त्या फरकामुळे आवाज जाड, चकचकीत, जरासा अवास्तव होतो. तुम्ही विचारलंत ना, सूर यंत्रानं सरळ करणारं ऑटोट्यून नव्हतं तर एवढी चकाकी कुठून आली? ती इथून आली. ही युक्ती बिद्दूंची नव्हे, त्यांच्या आधीपासूनची. बीटल्सच्या जॉन लेननला दोन-दोनदा गायचा इतका कंटाळा यायचा की १९६६ साली लंडनच्या एबी रोड स्टुडिओच्या केन टाउनसेंड या इंजिनियरनं यंत्रानं आवाज दुहेरी करायची सोय शोधून काढली. पण माणसानं खरोखर दोनदा गायलेल्याची मजा यंत्राला नाही, असं माझं आजही मत आहे.

यात गंमत अशी की डबल ट्रॅक आपल्या तयार गायकांना सहजी जमत नाही. ज्याच्या गळ्यात मुरकी आहे तो दुसऱ्यांदा तीच ओळ गाताना एखादी हरकत, म्हणजे सुरांची छोटी सजावट, वेगळी घेणारच. तोच तर त्याचा रियाज, तीच त्याची श्रीमंती. पण दोन वेगळ्या हरकती एकमेकींवर ठेवल्या की गिचमीड होते. शिवाय शब्दांच्या शेवटचे 'क', 'त', 'प' दोन्ही वेळा एकाच क्षणी पडावे लागतात, नाहीतर टाळ्या चुकल्यासारखं वाटतं. सरळ, बिनहरकतीचं, प्रत्येक वेळी तंतोतंत तसंच गाणारा गळा इथं हवा. लहान मुलांच्या कार्यक्रमात एकसुरात गायलेली मुलगी हे करू शकते. नाझिया 'शिकलेली नसूनही' चालली असं लोक म्हणतात. मी म्हणेन, या कामासाठी जे यायला हवं ते तिला येत होतं, आणि जे आड आलं असतं ते येत नव्हतं. बिद्दूंचं कसब हे की त्यांनी तिच्या गळ्याला काही शिकवायचा प्रयत्न केला नाही. चाल त्या गळ्याच्या आवाक्यात बसवली, पट्टी खालची ठेवली. आमच्याकडे तेव्हा मुलीचा आवाज म्हटला की पट्टी वर न्यायची हा जणू नियमच. ऑर्केस्ट्राचा सीझन आला की याची धमाल व्हायची. गावोगावी हे गाणं मागायचे आणि आमच्या ओळखीच्या गायिका म्हणायच्या, 'अहो, इतक्या खाली आमचा आवाज ऐकूच येत नाही.' मग त्या दोन-तीन सूर चढवून गायच्या आणि पब्लिकला वाटायचं, हे ते गाणंच नव्हे.

गाणं इंदीवर आणि मस्त अली यांनी लिहिलं. पडद्यावर झीनत अमान. इथं मला नेहमी एक गोष्ट खटकते आणि ती सांगूनच टाकतो. पडद्यावर एक पूर्ण वाढलेली, देखणी, क्लबमध्ये गाणारी बाई, आणि तिच्या तोंडी शाळकरी मुलीचा आवाज. त्या आवाजातला जो निरागसपणा लोकांना 'वेगळा' वाटला, तो अभिनय नव्हता, वय होतं. आज कुणी तुमच्या मुलीला असं गाणं देऊ केलं तर शब्द आधी तुम्ही वाचा, एवढंच म्हणेन.

गाणं चाललं. चाललं म्हणजे लग्नाच्या बँडपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळीकडे तेच. आणि १९८१ साली फिल्मफेअरचा उत्कृष्ट पार्श्वगायिकेचा पुरस्कार नाझियाला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली पाकिस्तानी आणि वयानं सर्वांत लहान. यावर आमच्याकडे नाकं मुरडली गेली. त्यांना एक आठवण करून द्यावीशी वाटते. लताबाईंनी १९७०च्या सुमारासच नव्यांना वाव मिळावा म्हणून या पुरस्कारातून अंग काढून घेतलं होतं, १९७९चा पुरस्कार घेतल्यावर आशाताईंनीही तेच केलं. मैदान मोकळं होतं. नाझियाच्या आदल्या वर्षी 'मीरा'तल्या भजनासाठी वाणी जयराम, नंतरच्या वर्षी 'कुदरत'साठी परवीन सुलताना. दोन्ही बाजूंना अशा पट्टीच्या गायिका आणि मध्ये ही लंडनची पोर! पुरस्कारांच्या यादीत इतकी मजेदार तिकडी मला दुसरी ठाऊक नाही.

इथपर्यंत ती एका गाण्याची गायिका होती. अशा खूप होऊन गेल्या. आपल्या सिनेमात एक गाणं गाजवून गायब झालेल्या आवाजांची यादी काढली तर वही पुरणार नाही. स्टार ती झाली ती पुढच्या पावलानं, आणि ते पाऊल सिनेमाबाहेर पडलं.

१९८१ साली 'डिस्को दीवाने' आला. सिनेमा नाही, नायक नाही, नायिका नाही. कव्हरवर ती आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब. भारतात तो अल्बम एचएमव्हीनं काढला. हे तेव्हा किती धाडसाचं होतं ते आज समजणार नाही. आपल्याकडे बिगरफिल्मी म्हणजे भावगीतं, भजनं, गझला. पॉप म्हणावं असं हिंदी-उर्दूतलं काही एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुकानात विकलं जाईल यावर कोणाचा विश्वास नव्हता. तो विकला गेला, आणि तोही रांगा लावून. भारत-पाकिस्तानच्या पलीकडे, पार ब्राझीलपर्यंत त्याचं नाव गेलं. आमच्या गल्लीतल्या कॅसेटवाल्याकडे तर तेव्हा खऱ्यापेक्षा नकली प्रती जास्त असायच्या, त्यामुळे आकडे कुणी कितीही सांगू देत, मी थोडं मीठ लावूनच ऐकतो.

त्या अल्बमचं खरं बळ मला दोन गोष्टींत दिसतं. एक, झोहेब. त्याच्या चाली, त्याचा आवाज, दोघांचं एकमेकांत मिसळणं. घरातच दुसरा गाणारा असला की मुलीला स्टुडिओत परकं वाटत नाही, ही फार मोठी सोय आहे. दोन, तिचा स्वतःचा चेहरा. 'कुर्बानी'त लोकांनी आवाज झीनतचा म्हणून ऐकला. इथं तो नाझियाचा होता. लंडनमध्ये वाढलेली, तिकडच्या पोरांसारखे कपडे घालणारी, उर्दू बोलताना किंचित इंग्रजी वळण असणारी मुलगी कव्हरवरून सरळ तुमच्याकडे बघते आहे. दादरच्या कॉलेजातल्या मुलींना 'ही आपल्यासारखी' वाटली. खरं तर ती अजिबात त्यांच्यासारखी नव्हती. पण वाटणं पुरेसं असतं.

नंतरचं भराभर सांगतो. १९८२ साली विनोद पांडे यांचा 'स्टार' आला, कुमार गौरव आणि रती अग्निहोत्रीचा. संगीत बिद्दूंचं, गाणी नाझिया-झोहेबची. सिनेमा साफ पडला, 'बूम बूम' टिकलं. म्हणजे तोवर पारडं फिरलं होतं. गाण्याला सिनेमाची गरज उरली नव्हती, सिनेमालाच गाण्याची होती. १९८४च्या सुमारास 'यंग तरंग', त्याची व्हिडिओंसकट गाणी. १९८७ साली 'हॉटलाइन'. १९९२ साली 'कॅमेरा कॅमेरा', आणि मग ती थांबली.

यातल्या बहुतेक काळात, १९८८पर्यंत, तिच्या मायदेशी झिया-उल-हक यांची राजवट होती. वृत्तनिवेदिकेनं डोक्यावर पदर घेतलाच पाहिजे असा तिथला दंडक. अशा ठिकाणी पँट घातलेली मुलगी ठोक्यावर डोलत गाते, हे कुणाकुणाच्या डोळ्यांवर येणारच. पण तिच्या गाण्यांत आगाऊपणा नव्हता, म्हणून घराघरांत ती शिरली. त्याच हवेच्या आवाजाचा हा आणखी एक फायदा, असं मला वाटतं. मोठ्या, भरदार, मादक आवाजात हीच गाणी असती तर पाकिस्तानातल्या किती घरांनी ती लावली असती, शंका आहे.

आणि ती शिकत राहिली, हे कुणी सांगत नाही. लंडनच्या रिचमंडच्या अमेरिकन विद्यापीठातून व्यवसाय प्रशासन आणि अर्थशास्त्राची पदवी, मग कायद्याची पदवी, मग न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम. अमली पदार्थांविरुद्ध संस्था काढली. तिचे दोन अल्बम आणि पुढचे दोन यांत जी वर्षं पडली, ती अपयशाची नव्हती, परीक्षांची होती. गाणं हा तिचा एकमेव धंदा कधीच नव्हता. म्हणून बाजाराच्या तालावर नाचायची वेळ तिच्यावर कमी आली. बिद्दूंनी १९९५ साली अलिशा चिनॉयकडून 'मेड इन इंडिया' गाऊन घेतलं आणि आपल्याकडच्या पॉपचं दुसरं पर्व सुरू झालं. ते गाणं आधी नाझियासाठी योजलं होतं, असं आमच्या वर्तुळात बोललं जातं. तोवर ती यातून बाहेर पडली होती. १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगानं ती गेली. वय ३५. २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को दीवाने' नव्यानं बांधलं, तेव्हा त्यात तिचा जुना आवाज ठेवला होता. तीस वर्षांनी, नव्या ठोक्यावर, शेजारी आजच्या काळातले कसलेले गायक, आणि तरी तो आवाज आला की मान आपोआप वर होते.

तर आता तुमच्या मुलीचं.

गुरुजी 'पिकू द्या' म्हणतात ते गळ्याच्या दृष्टीनं बरोबर आहे. ख्याल गायचा असेल, मैफल करायची असेल तर ही हवा जाईपर्यंत थांबायलाच हवं, आणि त्याला अजून काही वर्षं लागतील. तिला आत्ता जोर लावून गायला लावू नका. पण रेकॉर्डिंगसाठी थांबायचं कारण नाही, फक्त गाणं त्या गळ्यासाठी बांधलेलं हवं. दुसऱ्या कुणाचं मोठ्या आवाजातलं गाणं तिच्याकडून गाऊन घेतलंत तर ती नक्कल होईल, आणि नकलेत तिचा पातळपणाच दिसेल. पट्टी खाली ठेवा. ती ज्या सुरात घरात काम करता करता गुणगुणते, तो सूर ओळखा, चाल त्याच्या आजूबाजूला राहू द्या. कुठल्याही स्टुडिओत गेलात आणि तिथला मुलगा पहिल्याच टेकनंतर आवाज यंत्रानं सपाट सरळ करायला लागला, तर त्याला थांबवा. या वयातल्या आवाजाचं जे आहे ते त्या किंचित वरखालीतच आहे. तुमच्या घरच्या कपाटात, कपड्यांच्या मध्ये माईक ठेवून केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा आज १९८०च्या आमच्या हॉलपेक्षा तिच्या आवाजाला जास्त न्याय देईल. हे मी गमतीनं बोलत नाही.

कागदाचं एक. भारतीय करार कायदा १८७२चा आहे आणि त्यानुसार १८ वर्षांखालच्या व्यक्तीनं केलेला करार ग्राह्य नाही. म्हणजे सही तुमची घेतली जाईल आणि जबाबदारीही तुमची राहील. 'पुढची पाच वर्षं फक्त आमच्याकडेच' असं काही लिहिलं असेल तर तिथंच उठा. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून गाणाऱ्यालाही व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीत वाटा मागता येतो. एकरकमी पैसे घेऊन सगळं लिहून देऊ नका, मग रक्कम कितीही गोड असो. एका ओळखीच्या मुलीच्या वडिलांनी नव्वदच्या दशकात असंच लिहून दिलं होतं. ते गाणं अजून लग्नांत वाजतं. तिला काही मिळत नाही.

आणि घरच्या घरी एक करून बघा. तिला आवडेल ते सोपं गाणं, दोनच ओळी, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मग तिच्या कानात ते लावून त्याच ओळी तिला पुन्हा गायला सांगा, दुसऱ्या फोनवर घ्या. हरकत नको, सजवायचं नाही, पहिल्यासारखंच. मग कुठल्याही फुकटच्या ॲपमध्ये दोन्ही एकत्र वाजवा. शब्दांची टोकं एकत्र पडली आणि आवाज अचानक दाट झाला, तर तिला पॉपचा कान आहे. नाही पडली, प्रत्येक वेळी ती काहीतरी नवीन घेत असली, तर तेही चांगलंच. मग गुरुजींना हे रेकॉर्डिंग ऐकवा, ते खूश होतील.

दोन्ही फाइली मला पाठवा. पट्टी कुठली ठेवायची ते ऐकून सांगतो.